कोंडाईची बेरीज

चिलारवाडीचा पाऊस वाढला होता आणि चिलारवाडीची विहीर आटली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे अकरा वर्षांच्या तनूला काही केल्या उमजेना. विहीर आटलेली तिनं स्वतः पाहिली होती. पौष संपला नव्हता तोच तळाशी हिरवट पाण्याचं थारोळं तेवढं उरलं होतं आणि त्यात एक कासव मान वर काढून बसलं होतं. पाऊस वाढल्याचं मात्र मापाड्या सांगत होता, आणि मापाड्या खोटं बोलत नसे. त्याला ते येतच नव्हतं.

मापाड्या हा यंत्रमानव. सन २०५५ मध्ये माणदेशातल्या गावोगावी असे यंत्रमानव फिरत होते. पाऊस मोजायचा, जुन्या नोंदी गोळा करायच्या आणि कुठल्या गावाचा पाऊस बिघडत चाललाय ते शोधायचं, हे त्यांचं काम. कागदोपत्री त्याचं नाव ‘पर्जन्य-निरीक्षक क्रमांक सतरा’ असं होतं. पण बाजारात धान्य मोजणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, हा पाऊस मोजतो, म्हणून पोरांनी त्याचा मापाड्या केला. चार चाकं, दोन लांब हात आणि डोक्यावर ऊन खाणारी काळी छत्री. स्वभावानं गरीब, पण हिशेबाला भलताच कडक.

त्या दिवशी दुपारी तो आबांच्या अंगणात आला आणि त्यानं अहवाल वाचून दाखवला. “चिलारवाडीत पूर्वी वर्षाला सरासरी तीनशे छत्तीस मिलिमीटर पाऊस पडत होता. आता चारशे साठ पडतो. पाऊस वाढला आहे. गावाला धोका नाही. उद्या संध्याकाळी पाच वाजता हा अहवाल जाईल.”

“म्हंजी आपलं गाव यादीत न्हाई?” तनूनं विचारलं.

“नाही,” मापाड्या म्हणाला. “यादीत यायला पाऊस बिघडत चालल्याचं आकड्यांनी सिद्ध व्हायला लागतं.”

तनू उठून गोठ्यात गेली आणि हरणीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. हरणी म्हणजे त्यांची खिलार गाय. आता त्या यादीची गोष्ट सांगायला हवी. यादीत आलेल्या गावात प्रत्येक वस्तीवर जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधून मिळणार होत्या, पावसाळ्याचं पाणी साठवायला. टाकी नाही म्हणून दर वर्षी माघात तनूचे आई-आप्पा हरणीला आणि बाकीची जनावरं घेऊन नदीकाठी जात. जनावरांना पाणी नको का? चार महिने ते तिकडेच राहत, आणि तनू शाळेसाठी इथं आबांजवळ. आबांवर तिचा जीव होता, पण आबांना वेणी घालता येत नसे. ती वाकडी वेणी घेऊन चार महिने शाळेत जायची आणि आईच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. यंदाही परवा ते निघणार होते.

आबा म्हणजे डॉक्टर भागवत खरात. ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. हवामानशास्त्रज्ञ (हवा, पाऊस, वारा यांचा अभ्यास करणारे) होते. निवृत्त होऊन गावी परतले होते. आठवड्यापूर्वीच त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा आणि वाचायला सक्त बंदी. तनू त्यांना चिडवायची, “आबा, तुम्ही मोटरसायकलवरचं पुढारी दिसताय.”

आबा गोठ्याच्या दाराशी आले. “तने, इकडं ये. रडून आकडे बदलत नसतात. आपण मापाड्याला प्रश्न विचारू.”

“आबा, पाऊस वाढलाय तर मग हीर का आटली?”

“त्याआधी मला एक सांग. तू दिवसाला किती भाकरी खातेस?”

“दोन.”

“म्हणजे महिन्याच्या साठ. आता समज, पहिल्याच दिवशी मी साठ भाकऱ्या तुझ्या ताटात वाढल्या आणि पुढे महिनाभर चूल बंद. सरासरी (एकूण बेरीज समान वाटून येणारा आकडा) काढली तर दिवसाला दोनच येतात. चालेल?”

“पोट फुटंल की. आन् मग उपाशी.”

“तसंच रानाचं आहे. वर्षात किती पाऊस पडला एवढंच विचारून भागत नाही. तो किती दिवसांत वाटून पडला तेही विचारावं लागतं.” आबांनी पाण्याचा तांब्या मागवला आणि अर्धा तांब्या अंगणातल्या कडक मातीवर एकदम ओतला. पाणी पळत सुटलं आणि उंबऱ्याखालच्या नालीत गेलं. “याला अपधाव म्हणतात (जमिनीत न मुरता वाहून जाणारं पाणी). आता उरलेलं तू शिंपड. हळूहळू, थांबत थांबत.” तनूनं ओंजळीनं शिंपडलं. माती काळी होत गेली, पण नालीकडे थेंबही गेला नाही. “पाणी तेवढंच. पण हे विहिरीला मिळतं, आणि ते दुसऱ्याच्या गावाला. शिवाय दोन पावसांत मोठा खंड पडला (मधले कोरडे दिवस लांबले), की बाजरी उभ्या उभ्या वाळते. दुष्काळ म्हणजे नुसता कमी पाऊस नव्हे. पिकाला हवं तेव्हा पाणी नसणं, हाही दुष्काळच.”

तनूचा चेहरा उजळला. “मग मापाड्या, दिवस मोज की.”

“मोजले आहेत,” मापाड्या शांतपणे म्हणाला. त्यानं आपल्या बोटानं भिंतीवर प्रकाशाचे ठिपके उमटवले. “हे पर्जन्यदिन (ज्या दिवशी मोजण्याजोगा पाऊस पडतो तो दिवस). दर दहा वर्षांची सरासरी काढली आहे. अगदी सुरुवातीची तीस वर्षं, म्हणजे १९८५ ते २०१४, वर्षाला वीस दिवस. पुढची दहा वर्षं चौतीस. मग तीस. मग सव्वीस. आता एकवीस. आधी कमी होते, मध्ये वाढले, पुन्हा कमी झाले. पाळणा पुढे जातो आणि मागे येतो, तसं. यात कल नाही.”

“कल म्हंजी?” तनूनं आबांना विचारलं.

“बऱ्याच वर्षांत एकाच बाजूला सरकत जाणं. हरणीनं एक दिवस दूध कमी दिलं तर आपण घाबरत नाही. पण महिनाभर रोज पळीपळीनं कमी द्यायला लागली, तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. पहिलं ते एका दिवसाचं दुखणं, दुसरा कल.” आबांनी कपाळ चोळलं. “पण तीस वर्षं वीस दिवस? माझ्या लहानपणी पाऊस असा नव्हता. श्रावणात दोरीवरचे कपडे वाळत नसत. मापाड्या, ही पहिली तीस वर्षं तू कुठून घेतलीस?”

“आपल्या मातोश्रींच्या वहीतून. त्यानंतरचे आकडे यंत्राचे आहेत.”

आबांच्या आईला सगळं गाव कोंडाई म्हणे. तनूनं तिला फोटोतच पाहिलं होतं. कोंडाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पुढे प्रौढांच्या वर्गात ती लिहायला शिकली आणि शिकलेलं विसरू नये म्हणून रोज एक ओळ लिहायची. काय लिहायचं? पावसाळ्यात ती पाऊस लिहायची. तेलाचा रिकामा चौकोनी डबा अंगणात ठेवायचा, सकाळी त्यातलं पाणी चिपट्यानं (धान्य मोजायच्या लहान मापानं) मोजायचं आणि तिथीपुढे आकडा टाकायचा. वर्षाच्या शेवटी एकूण बेरीज. तो डबा आणि ते चिपटं अजून घरात होतं. त्यावरून मापाड्यानं हिशेब काढला होता, एक चिपटं म्हणजे सहा मिलिमीटर पाऊस.

“पण एक अडचण होती,” मापाड्या पुढे म्हणाला. “त्यांच्या रोजच्या आकड्यांची मी बेरीज केली, तर ती त्यांनी शेवटी लिहिलेल्या बेरजेशी जुळत नाही. उदाहरणार्थ, १९९९ मध्ये माझी बेरीज छप्पन्न चिपटी येते. त्यांनी अठ्ठ्याहत्तर लिहिली आहे. म्हणून मी त्यांच्या बेरजा सोडून दिल्या. त्यांना बेरीज नीट येत नसावी. वय आणि शिक्षण पाहता हे स्वाभाविक आहे.”

आबांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तनूला मापाड्याची छत्री उपटून टाकावीशी वाटली.

“तीस वर्षांत किती वेळा चुकली माझी आई?” आबांनी विचारलं.

“तीसही वेळा.”

“कधी जास्त, कधी कमी?”

“दर वेळी जास्तच.”

आबा एकदम सरळ बसले. “तने, ऐक. ज्याला बेरीज येत नाही, तो कधी वर चुकतो, कधी खाली. तू पाढे शिकताना चुकायचीस तशी. पण तीसच्या तीस वेळा एकाच बाजूला? त्याला चुकणं म्हणत नाहीत. तिथं असं काहीतरी आहे जे तिला माहीत होतं आणि आपल्याला माहीत नाही.” मग ते जरा खाली आवाजात म्हणाले, “मी साताऱ्याला वसतिगृहात होतो तेव्हा दर महिन्याला तिचं पत्र यायचं. वर नाव लिहिलेलं असायचं ‘मागवत’. भ तिला कधी जमलाच नाही. पोरं हसायची, आणि मला तिची लाज वाटायची. पण हिशेबात ती कधी चुकलेली मला आठवत नाही.”

“वहीत कोरड्या दिवसांची काही नोंद हाय का?” तनूनं मापाड्याला विचारलं.

“बऱ्याच दिवसांपुढे काही नाही. काहींपुढे ‘लांबला’ असं आहे. पाऊस लांबला, या अर्थानं.”

कोडं तिथंच अडकलं. मापाड्या छत्री मिटून गोठ्याशेजारी उभा राहिला आणि तनू वाकड्या तोंडानं जेवून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नदीकाठी न्यायची बाजरी मोजत होती. घरात आकडे दाखवणारा काटा होता, पण धान्य मापानंच मोजायचं ही आईची रीत. तनू पोत्याचं तोंड धरून बसली होती. मदतीला म्हणून मापाड्याही चाकं सरकवत आला होता.

“लाभ,” म्हणत आईनं पहिलं माप पोत्यात रिचवलं. “दोन. तीन. चार. पाच...”

“ताई, क्षमा करा,” मापाड्या म्हणाला. “तुम्ही दोनपासून सुरुवात केलीत. एक मोजायचा राहिला.”

“राहिला कुठं? केला की.”

“तुम्ही एक म्हणाला नाहीत.”

आई हसली. “एक म्हनायचं नसतं, बाबा. पैल्या मापाला लाभ म्हनायचं. घरात लाभ व्हावा, रास वाढावी. माझी आय आसंच मोजायची, सासूच्या सासूबाई, आपल्या कोंडाईबी आसंच मोजायच्या. तुझं नाव मापाड्या आन् तुला येवढं ठावं न्हाई?” आणि तिनं सहावं माप भरलं.

तनूच्या हातातून पोत्याचं तोंड सुटलं. चार मुठी बाजरी जमिनीवर सांडली आणि कोंबड्या धावल्या. आई ओरडेपर्यंत तनू घरात जाऊन कोंडाईची वही घेऊन आलीसुद्धा.

पानं पिवळी झाली होती. तनूनं १९९९ सालचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागली. “आषाढ शुद्ध पंचमी, दोन. षष्ठी, ला. सप्तमी, ला. नवमी, तीन. दशमी, ला...” ती थांबली. “मापाड्या, हितं ‘लांबला’ कुठं लिवलंय? हितं नुसता ‘ला’ हाय.”

“तो संक्षेप (थोडक्यात लिहिलेला शब्द) आहे. पावसाच्या नोंदीत ‘ला’ म्हणजे लांबला, असं मी धरलं. तक्त्यात पूर्ण शब्द लिहिला.”

“आन् ह्या वहीत एकाचा आकडा कुठं हाय?”

मापाड्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. तीस वर्षांची सगळी पानं त्यानं क्षणात पुन्हा पाहिली. “कुठेही नाही,” तो सावकाश म्हणाला. “दोन आहे. तीन, चार, सात आहे. एक एकदाही नाही.”

“कारण एक म्हनायचं नसतं,” तनू म्हणाली. “पैलं माप लाभाचं. आन् तिला भ येत नव्हता, म्हनून निस्ता ला.”

आबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंतीचा आधार घेत ते पायरीवर बसले. “तपासून पाहा,” ते म्हणाले. “कल्पना कितीही आवडली तरी आधी तपासायची. १९९९ मध्ये किती ‘ला’ आहेत?”

“बावीस,” मापाड्या म्हणाला. “छप्पन्न अधिक बावीस, अठ्ठ्याहत्तर. मातोश्रींची बेरीज अठ्ठ्याहत्तर. २००३ मध्ये फरक एकोणीसचा, ‘ला’ एकोणीस. १९८८ मध्ये फरक सव्वीसचा, ‘ला’ सव्वीस.” दिवा पुन्हा लुकलुकला. “तीसपैकी तीस वर्षं जुळली. मी हलक्या पावसाचे सगळे दिवस कोरडे समजलो होतो. बेरीज त्यांना येत होती. वाचायला मी चुकलो.”

“अरे, तू तर लोखंडाचा,” आबा म्हणाले. “मी तिच्या हातचं माप ऐकत वाढलो. आणि काल तू म्हणालास तिला बेरीज येत नसावी, तेव्हा घटकाभर मलाही खरं वाटलं होतं.” आईनं माप बाजूला ठेवलं आणि मामंजींसाठी पाण्याचा तांब्या आणला.

मग मापाड्यानं भिंतीवरचे ठिपके पुसून नवे उमटवले. आता एकूण पाऊस पाहिला तर तो वाढलाही नव्हता आणि फारसा घटलाही नव्हता. कोंडाईच्या काळी सरासरी चारशे अडुसष्ट मिलिमीटर, आता चारशे साठ. पण पर्जन्यदिन दहा-दहा वर्षांनी असे आले: सेहेचाळीस, बेचाळीस, अडतीस, चौतीस, तीस, सव्वीस, एकवीस.

“आता हा पाळणा न्हाई,” तनू म्हणाली. “हा जिना हाय. खाली जाणारा.”

“हाच कल,” आबा म्हणाले. “सत्तर वर्षांत पावसाचे दिवस निम्म्याहून कमी झाले. तेवढंच पाणी निम्म्या दिवसांत कोसळतं, म्हणून पळून जातं. एका वर्षाकडे पाहून हे कुणाला दिसलं नसतं. रोज एक ओळ लिहीत राहणारं माणूस लागतं. मापाड्या, खंड किती?”

“मातोश्रींच्या वहीत पावसाळ्यातला सर्वांत मोठा खंड साधारण पंधरा दिवसांचा. आता छत्तीस दिवसांचा. बाजरी इतकी थांबू शकत नाही.” मापाड्यानं जुना अहवाल पुसून टाकला. “मी अहवाल बदलतो. आणि इतर गावांच्या जुन्या वह्याही पुन्हा वाचायला हव्यात. प्रत्येक ठिकाणी आधी कुणाला तरी विचारीन.”

“बायकांना विचार,” आई बाजरी गोळा करता करता म्हणाली.

पाचाला दहा मिनिटं असताना नवा अहवाल गेला. त्यानंतर आबांनी डॉक्टरांची बंदी मोडली. त्यांनी तनूकडून लाल पेन घेतलं, वहीच्या शेवटच्या पानावर कोंडाईच्या अखेरच्या बेरजेखाली डोळे बारीक करून, शाळेतले गुरुजी करतात तशी बरोबरची खूण केली आणि लिहिलं, ‘बेरीज बरोबर.’ खाली सही केली, ‘मागवत’. तनूला हसू आलं, पण आबा हसत नव्हते, म्हणून तीही हसली नाही.

आई-आप्पा ठरल्याप्रमाणे निघालेच. अहवाल गेला म्हणून एका रात्रीत टाक्या उगवत नाहीत. हरणीच्या घुंगरांचा आवाज खिंडीपलीकडे जाईपर्यंत तनू वेशीत उभी होती. त्या वर्षीही तिची वेणी वाकडीच राहिली. पण चैत्रात यादी लागली आणि तीत चिलारवाडीचं नाव होतं. वैशाखात खोदणारी यंत्रं आली. रोहिणी लागेपर्यंत सात वस्त्यांवर सात टाक्या तयार झाल्या. त्या पावसाळ्यात वीसच दिवस पाऊस पडला, पण कोसळलेलं पाणी नालीत पळालं नाही. टाक्यांत उतरलं. टाकीनं पाऊस सुधारत नाही, हे आबांनी तनूला बजावून सांगितलं. पावसाचा बिघडलेला जिना पुन्हा वर चढवायला साऱ्या जगानं मिळून धूर कमी करायचा, झाडं वाढवायची, आणि ते काम तनूच्या पिढीला पुरून उरणारं आहे. पण तोवर जनावरांना पाणी तर हवं.

आता पुन्हा माघ आला. सकाळी मापाड्या टाकीपाशी जातो, लांब हातानं खुणांची काठी आत सोडतो आणि पाण्यात भिजलेल्या खुणा मोजतो. तनू नवी वही घेऊन शेजारी बसते.

“लाभ,” मापाड्या म्हणतो. “दोन. तीन. चार. पाच.”

“पाच खुणा म्हंजी हरणीला कवापर्यंत पुरंल?”

“ज्येष्ठापर्यंत. पाऊस वेळेवर आला तर शिल्लक राहील.”

तनू तारीख घालते आणि ‘लाभ’पासून पाचपर्यंत सगळं लिहिते. भ ती अगदी ठसठशीत काढते. मग ती वही मिटून पळत सुटते, कारण शाळेची वेळ झालेली असते आणि वेणी घालायची राहिलेली असते. आई तेलाची वाटी घेऊन दारात बसलेली असते.